तीन रिंगणं, सात कवड्या

दोन वर्षांपूर्वी देवी निद्रेला गेली त्या दिवशी दादा धाराशिवला उतरायचा होता. तो येडशीला उतरला. फलाटावरच्या चहावाल्यानं दादाच्या फोनवरून मला फोन केला. मी गाडी करून गेले. दादा बाकावर बसला होता. त्यानं मला ओळखलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "आपण कुठं उतरायचं?"

यंदाही देवी निद्रेला गेली. घटस्थापनेच्या आधीचे हे दिवस आमच्या तुळजापुरात विचित्र असतात. सिंहासन रिकामं असतं. देवी शेजघरात पलंगावर निजलेली असते, तिच्या गाद्यांचा कापूस बायांनी पिंजून दिलेला असतो. गावात मात्र निजायला कुणाला फुरसत नसते. दुकानांतून कुंकवाचे ढीग रचले जातात, परड्या एकात एक घालून छपराला टांगल्या जातात, मांडवाचे बांबू रस्त्यात आडवे पडलेले असतात. माझ्या घरासमोर गोदामावशी राहतात. त्या कवड्यांच्या माळा ओवतात. या दिवसांत त्या घमेल्यात पाणी घेऊन कवड्या धुतात. घमेल्यात हात फिरला की जो आवाज होतो तो जोराच्या पावसासारखाही नाही आणि खडीसारखाही नाही. काल दुपारी तो यंदा पहिल्यांदा ऐकला आणि मी वाचत होते ते पुस्तक मिटलं. पान मुडपायचंही राहिलं. जन्मभर ग्रंथालयात काम केलेल्या बाईकडून असं सहसा होत नाही.

ऋतू फिरून आला की सगळं तेच दिसतं. दादा असता तर म्हणाला असता, दिसतं यावर जाऊ नकोस, मोजून बघ.

दादा गणिती होता. आमचं घर देवळाच्या पुजाऱ्यांपैकी. वडिलांनी मात्र शाळेत मास्तरकी केली. दादानं पुढं जाऊन दूरच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत आयुष्य काढलं. त्याचं काम कशावर आहे, हे गावात कुणी विचारलं की तो अडखळायचा. एकदा गोदामावशींना त्यानं सांगून बघितलं.

"मावशी, फोनवर खरखर होते, एखादं अक्षर तुटतं. तरी पलीकडच्याला शब्द नीट कळावा, यासाठी काही जास्तीच्या खुणा आधीच घालून ठेवतात. त्या खुणा कशा घालायच्या, त्याचा हिशोब."

"व्हय? मग आमच्या जळकोटच्या लेकीचा फोन का वो तुटतो सारखा?"

"ते माझ्याकडं नाही, मावशी."

"मग तुमच्याकडं काय हाय, मास्तर?"

दादा खूप हसला होता. नंतर कित्येक वर्षं एखादं काम अडलं की तो मला फोनवर म्हणायचा, "मावशींनी विचारलं होतं ते खरंय. माझ्याकडं काय हाय?"

ते त्यानं मला एकदाच नीट दाखवलं होतं, आणि तेही गोदामावशींच्याच कवड्यांवर. तेव्हा तो एम.एस्सी.ला होता, नवरात्रात घरी आला होता. माजघरात शहाबादी फरशीवर त्यानं रांगोळीनं तीन रिंगणं काढली, एकमेकांत गुंतलेली. त्यांच्यात सात घरं तयार झाली. मधलं घर तिन्ही रिंगणांत येतं. तीन घरं दोन-दोन रिंगणांत येतात आणि उरलेली तीन एकेकाच रिंगणात. प्रत्येक घरात त्यानं एक कवडी ठेवली. कवडीला दोन बाजू, दात असलेलं तोंड आणि गुळगुळीत पाठ. नियम एवढाच की कुठल्याही रिंगणात तोंड वर असलेल्या कवड्या सम असाव्यात. दोन, चार, किंवा एकही नाही.

"आता मी बाहेर जातो," तो म्हणाला. "तू एक कवडी उलटव. कुठली ते मी सांगतो."

मी उलटवली. तो आत आला, उभ्याउभ्याच बघितलं आणि पायाच्या अंगठ्यानं कवडी दाखवली. पुन्हा केलं, पुन्हा दाखवली. त्यात जादू नव्हती. कुठली रिंगणं बिघडली ते तो बघत होता. दोन बिघडली तर चूक त्या दोघांच्या सामाईक घरात, तिन्ही बिघडली तर मधल्या घरात. मला हे समजलं तेव्हा आनंद झाला आणि लगेच खोडीही सुचली. पुढच्या वेळी मी दोन कवड्या उलटवल्या.

तो आला. त्यानं बघितलं, एक कवडी उलटी केली आणि म्हणाला, "झालं. बरोबर."

"चूक."

"तिन्ही रिंगणं सम आहेत, बघ की."

"आहेत. पण मी दोन उलटवल्या होत्या. तू हात लावलास ती तिसरीच."

मला वाटलं, तो चिडेल. तो खाली बसला आणि जेवायला हाका मारीपर्यंत उठला नाही. ताटावरही त्याचं लक्ष नव्हतं. एकच चूक झाली असेल असं धरून चालणारी पद्धत दोन चुकांपुढं नुसती थांबत नाही, ती तिसरी चूक करते आणि सगळं जुळवून दाखवते, हे त्याला पुस्तकातून माहीत असणारच. पण बहिणीनं घरच्या फरशीवर करून दाखवणं वेगळं. पुढं त्याचं सगळं संशोधन याच भागात गेलं. कवड्यांच्या ओळी अशा निवडायच्या की कुठल्याही दोन ओळींत पुष्कळ जागी फरक असावा, म्हणजे थोड्या चुका झाल्या तरी एक ओळ दुसरीसारखी दिसू लागणार नाही. किती ओळी निवडता येतील, कशा निवडाव्या. हे प्रश्न ऐकायला सोपे आणि सोडवायला आयुष्य खाणारे.

त्याच्या कामाचा आवाज कधी नव्हता. फळ्यापुढं उभा राहण्यापेक्षा त्याला खाटेवर पडून छताकडं बघणं जमायचं. उजव्या हाताची तर्जनी डाव्या तळव्यावर फिरत असायची. वहिनी गेल्यावर तर तो तसाच तासन्‌तास पडून राहायचा. मी सुट्टीत गेले की आधी डबा उघडून बघायचे, जेवलाय की नाही. त्याच्या नावावर एक सिद्धांत होता. जगात थोड्याच लोकांना तो माहीत होता, पण त्या थोड्यांत त्याला मान होता. कुठल्याही लांबीच्या ओळी घेतल्या तरी त्यांतून अमुक प्रकारचा समूह बांधता येतोच, असं काहीतरी त्यात होतं. पन्नाशीत त्यानं तो सिद्ध केला. इतरांनी त्यावर आपलं काम उभं केलं.

निवृत्तीनंतर तो तिकडंच राहिला. मग त्या वर्षी श्रावणात त्याला रेवती नावाच्या संशोधक मुलीचा फोन आला. बेळगावकडची, बोलण्यात कानडी हेल. ती म्हणाली, "सर, मी तुमच्या सिद्धांताचा पुरावा शिकवायला घेतला होता. एका जागी अडकले. तुम्ही तिथं 'हे उघड आहे' असं लिहिलंय."

"मग?"

"मला उघड दिसेना, सर. आठ दिवस बघतेय."

दादानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज शांत होता. म्हणाला, "मुलगी बरोबर आहे. तिथं भोक आहे." आणि मग म्हणाला, "मी घरी येतो. तिथं बसून बुजवतो."

म्हणून तो येत होता, आणि येडशीला उतरला.

त्या हंगामाचं मला आता जे आठवतं ते असं तुटक. सकाळी गच्चीवर दादा, अंगावर वडिलांची जुनी शाल, बालाघाटच्या डोंगरावर ढग अडकलेले. शेतांतून सोयाबीन काढायची घाई आणि वरून पावसाची टांगती भीती, म्हणून रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण वर बघत चाललेला. त्या सगळ्यांत दादा एकटा खाली बघणारा. चहा घेतला का विचारलं की म्हणायचा, घेतला. कप तसाच भरलेला. चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधायचा, पण ते तर मीही करते. एकदा मात्र तो बाजारातून परत येताना आमच्या दारावरून पुढं गेला, वळला, पुन्हा पुढं गेला. गोदामावशींनी ओट्यावरून हाक मारली.

"मास्तर, घर इकडं. का फेऱ्या घालता? आज काय प्रदक्षिणेचा वार हाय?"

तो हसला आणि आत आला. मावशी मग मला हळूच म्हणाल्या, "त्यांच्या डोक्यात लई कायतरी चाललंय बघ. ते गणित सुटू दे, मग माणूस ताळ्यावर येतंय."

मलाही तसंच वाटत होतं. सोलापूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनीही तपासून तेच म्हटलं. वयाप्रमाणं थोडं होतंच, त्यात मनावर ताण, ताण कमी झाला की बघू. मी किती हलकी झाले होते. घरात अडचण एकच आहे, तिचं नाव पुरावा, आणि पुरावा दुरुस्त होणारी गोष्ट आहे. दादाही तेच म्हणायचा, "ते एक बसलं की मी बसलो." अशी एकच गाठ धरून माणूस किती दिवस काढू शकतो, ते त्या पितृपंधरवड्यात मी पाहिलं.

घटस्थापनेनंतर रेवती आली. गावात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. गावोगावची पोरं ज्योत घेऊन धावत येत होती, संबळ वाजत होता, अनवाणी माणसांचे लोंढे होते. ती कशीबशी गल्लीत शिरली, पाठीवर सॅक आणि कपाळभर कुणीतरी लावलेलं कुंकू. दादाला वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "सर, मला वाटतंय आपण चुकीच्या बाजूनं भोक बुजवतोय." मला ती तेव्हाच आवडली.

ते दोघं गच्चीवरच्या खोलीत बसायचे. मी चहा घेऊन जायचे आणि रेंगाळायचे. अडचण काय आहे ते दादानं मला मावशींच्या माळेवर समजावलं. खरी गोष्ट याहून फार गुंतागुंतीची होती, हे त्यानं आधीच बजावलं.

"ही माळ गोल आहे. काही कवड्यांचं तोंड वर, काहींची पाठ. आता ती एक-एक कवडी सरकवत फिरवायची. पूर्ण फेरी होण्याआधी ती पुन्हा पहिल्यासारखी दिसेल का?"

मी म्हटलं, "नाही दिसणार."

"मीही तेच लिहिलं. हे उघड आहे." त्यानं माळेत एक तोंड, एक पाठ, एक तोंड, एक पाठ अशा कवड्या केल्या. "आता दोन कवड्या सरकव."

माळ जशीच्या तशी दिसली.

"कवड्यांच्या संख्येला भाग जात असेल, तर माळ मधेच फसवू शकते," तो म्हणाला. "सात, अकरा, तेरा अशी मूळ संख्या असेल तर नाही. तिथं सगळ्या कवड्या एकसारख्या असल्याशिवाय माळेला पूर्ण फिरावंच लागतं. मी मूळ संख्यांचं खरं सगळ्या संख्यांना लावून मोकळा झालो."

रेवती म्हणाली, "सर, मधेच फसवणाऱ्या माळा वेगळ्या काढल्या तर?"

"काढून बघितल्या. उरलेल्या पुरत नाहीत."

"मग दुसरीकडून आणू."

"आण," दादा म्हणाला. "मी इथंच आहे."

चार-पाच दिवस असे गेले की मला वाटलं, जमतंय. दादाची तर्जनी तळव्यावर भराभर चालायची. दुपारी दोघंही वाद घालत जेवायला खाली यायचे. पण सकाळी तीच गोष्ट दादा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा, आणि रेवती ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची. एकदा स्वयंपाकघरात भाजी निवडताना ती मला म्हणाली, "आत्या, सर थकलेत. हे एकदा झालं ना, की बरे होतील."

"होतील," मी म्हटलं. "सगळं त्या पुराव्यामुळंच आहे."

दादा दाराशी उभा होता. पाणी प्यायला आला असावा. पाणी न पिताच मागं फिरला आणि थोड्या वेळानं आम्हा दोघींना माजघरात हाक मारली.

फरशीवर त्यानं तीन रिंगणं काढली होती. रेघ थरथरली होती, पण रिंगणं एकमेकांत नीट गुंतली होती. सात घरांत सात कवड्या. तो खाली बसून म्हणाला, "मोजा. सगळं सम आहे ना?"

होतं. मग त्यानं आमच्या डोळ्यांदेखत दोन कवड्या उलटवल्या, एक फक्त या रिंगणातली, एक फक्त त्या रिंगणातली.

"आता मी काय केलं ते विसरा आणि पद्धतीनं चला. कुठली रिंगणं बिघडली?"

"ही दोन," रेवती म्हणाली.

"मग चूक कुठं आहे म्हणायचं?"

"दोघांच्या सामाईक घरात."

"उलटव ती."

तिनं उलटवली. तिन्ही रिंगणं सम झाली.

"बघा. किती छान जुळलं. आता कुणी काही विचारणार नाही. आणि तीन कवड्या चुकीच्या आहेत." त्यानं माझ्याकडं बघितलं. "तू माझं हेच करतेस. आणि रेवती, तूही. पुराव्यात एक चूक आहे. माझ्या डोक्यात एक आहे, ती वेगळी. येडशीला मी पुराव्यामुळं उतरलो नाही. दोन्ही मिळून एक नाव दिलं की हिशोब जुळतो, एवढंच."

बाहेर संबळाचा आवाज जवळ येऊन पुढं निघून गेला. मला काही बोलायचं होतं. त्याआधी दादा रेवतीकडं वळला, जरा संकोचानं हसला आणि म्हणाला, "तुम्ही कुणाकडं आलात?"

"तुमच्याकडंच, सर," ती म्हणाली. ती रडली नाही. त्या सबंध हंगामात मला तिचं हे सर्वांत मोठं वाटतं.

त्यानंतर आम्ही सोलापूरला पुन्हा गेलो, दुसऱ्या डॉक्टरांकडं. मेंदूची चित्रं काढली. त्या आजाराला नाव होतं आणि उतार नव्हता. निदान आता दोन गोष्टींना दोन नावं होती.

दसऱ्याला देवीची पालखी निघाली, सीमोल्लंघन झालं, आणि देवी पुन्हा निद्रेला गेली, या खेपेस लढाईच्या श्रमानं. पौर्णिमेपर्यंत ती निजते. तेवढ्या दिवसांत दादा आणि रेवतीनं शुद्धिपत्र लिहिलं. भोक बुजलं नाही. जेवढं खरं उरलं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं मोकळं सोडायचं, असं ठरलं. दादा सकाळी लवकर लख्ख असायचा, ऊन चढलं की पुसट व्हायचा. म्हणून रेवती अंघोळ करून पहाटेच गच्चीवर हजर.

वाद झाला तो गणितावर नाही. दादाच्या जुन्या सहकाऱ्यांना रेवतीकडून आजाराचं कळलं होतं. त्यांतल्या एकानं आपुलकीनं सुचवलं की शुद्धिपत्रात प्रकृतीचा उल्लेख असावा. वाचणाऱ्याला वाटेल, आजाराची सुरुवात फार आधीपासून असेल, म्हणून राहून गेलं. लोक समजून घेतील. रेवतीनं तसं लिहिलेलं वाक्य चाचपडत वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. माझ्या भावाला कुणी हसू नये एवढंच मला हवं होतं.

दादा शाल सारखी करत राहिला. मग म्हणाला, "मी ते लिहिलं तेव्हा मी बरा होतो. चांगला जेवत होतो, झोपत होतो, तुझ्या वहिनीशी भांडत होतो. डोकं माझं ठिकाणावर होतं. तरी चुकलो."

"सर, पण लोक म्हणतील..."

"म्हणू देत. आता हा आजार माझं एकेक घेऊन चाललाय. काल मला आईचं नाव आठवलं नाही. आणखी पुष्कळ नेईल. ती चूक त्याला देऊ नका. ती शाबूत डोक्यानं केलेली आहे. ती माझी आहे."

रेवतीनं वाक्य खोडलं. त्या जागी दादानं सांगितलं ते घातलं: ही चूक मूळ लेखकाची असून ती रेवतीनं शोधली. तिचं पूर्ण नाव तिला पुन्हा विचारून, एकेक अक्षर तपासून. मग म्हणाला, "'उघड आहे' कुठं राहिलं नाही ना, बघ." ती शोधत बसली. एका जागी सापडलं. दोघं हसले.

पौर्णिमेला कर्नाटकातून, सोलापुराकडून पायी आलेल्या माणसांनी गाव भरलं. गोदामावशींचं घमेलं रिकामं झालं होतं. रेवती निघाली तेव्हा मावशींनी तिच्या गळ्यात माळ घातली आणि म्हणाल्या, "गणित सुटलं का, बाई?"

"थोडं सुटलं, मावशी."

"थोडं तर थोडं. समदं कुणाचं सुटलंय?"

दादा दारात उभा राहून हात हलवत होता. ती कोण, हे त्याला ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी देवीच्या निद्रेला तो मला ओळखत नव्हता. मी माजघरात रिंगणं काढली, कवड्या मांडल्या, एक उलटवली आणि त्याला बोलावलं. तो बराच वेळ उभा राहिला. मग वाकला, सगळ्या कवड्या उचलल्या आणि मुठीत घट्ट धरून बसला. मी मूठ उघडायला गेले नाही. जेवताना त्यानं ती आपणहून सोडली. गेल्या पौषात तो गेला.

लोक भेटायला येतात तेव्हा म्हणतात, शेवटी त्यांना काहीच कळत नव्हतं ना, सुटले. मी मान हलवते. सगळ्याला एक नाव देऊन हिशोब जुळवायची सवय सगळ्यांनाच आहे. मलाही आहे. कधीकधी मीच मनात म्हणते की त्या फोननंच सगळं सुरू झालं, रेवतीनं विचारलंच नसतं तर. मग फरशीवरची दुसरी कवडी आठवते.

आज सकाळी रेवतीचा फोन आला होता. ती अजून उरलेल्या संख्यांवर आहे. समोर मावशी कवड्या धूत होत्या. आवाज तिलाही ऐकू गेला. "देवी निजली का आत्या?" तिनं विचारलं. "निजली," मी म्हटलं.

दादाचा सिद्धांत मूळ संख्यांपुरता खरा आहे. बाकीच्यांचं अजून कुणाला माहीत नाही. चूक त्याच्या नावावर आहे. सात कवड्या माझ्याकडं, पितळी वाटीत आहेत.